निवासी डॉक्टर सदस्यांसाठी सूचना : रजा, झोप आणि १४४१६

सलग ३६ तासांची ड्यूटी करून खोलीवर आलात, तरी झोप लागत नाही. पेशंटवर उगाच खेकसलं जातं. राउंड नकोसा वाटतो. हा आळस नव्हे. अंगावर काढू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास चालू असतो, मोफत, मराठीतही. आपल्याच कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत जायला संकोच वाटतो, म्हणून हा नंबर आधी दिला.

२०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमांनुसार वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा आणि कामाची निकड नसेल तर आठवड्याला एक सुट्टी आहे. (निकड कधी नसते, ते विचारू नका!) अर्ज लेखीच द्या, प्रत स्वतःकडे ठेवा. रजा नाकारली तर संघटनेच्या प्रतिनिधींना कळवा.

सीनिअर्सनो, जेआर-वनला (पहिल्या वर्षाच्या ज्युनिअर निवासी डॉक्टरला) निदान जेवायला तरी सोडा.