‘183’ या तीन आकड्यांच्या चुकीच्या वाचनातून तयार झालेल्या अहवालाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: फोक्सवॅगन टाइप 181 गाडीच्या ओळख व पूर्वेतिहास अहवालातील गंभीर चुका, अहवाल मागे घेणे आणि शुल्काचा परतावा मिळणे याबाबत.

महोदय,

माझ्याकडील जुन्या लष्करी धाटणीच्या गाडीची नेमकी ओळख पटवून तिचा पूर्वेतिहास शोधून देण्याचे काम मी आपल्या कंपनीकडे सोपवले होते. त्यासाठीचे संपूर्ण शुल्क मी आगाऊ भरले, आपण मागितलेली सर्व छायाचित्रे पहिल्याच आठवड्यात पाठवली आणि चार महिने वाट पाहिल्यानंतर आपला चौदा पानी अहवाल व त्यासोबतचे प्रमाणपत्र माझ्या हाती आले. पहिल्यांदा तो मी आनंदाने वाचला. दुसऱ्यांदा मात्र गाडीची मागची सीट काढून, एका हातात टॉर्च धरून वाचावा लागला.

अहवालाच्या पहिल्याच पानावर माझी गाडी ‘टाइप 183, अर्थात इल्टिस, चारही चाकांना शक्ती पुरवणारी लष्करी गाडी’ असल्याचा निर्वाळा आपण दिला आहे. हा निर्वाळा कशावरून दिला हे त्याच पानावर लिहिलेले असल्यामुळे चूक शोधायला फारसे कष्ट पडले नाहीत. मागच्या सीटखाली मधल्या बोगद्यावर, म्हणजे गाडीच्या तळाच्या मधोमध असलेल्या उंचवट्यावर, ठोकलेला चासी क्रमांक 1832 या आकड्यांनी सुरू होतो आणि त्यातले पहिले तीन आकडे आपल्या संशोधकाने गाडीचा टाइप म्हणून वाचले आहेत.

फोक्सवॅगनचे त्या काळातले चासी क्रमांक असे वाचायचे नसतात. पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात, तिसरा आकडा मॉडेल वर्षाचा शेवटचा अंक असतो, आणि 1970 च्या मॉडेलपासून त्यापुढे 2 हा आकडा येऊन मग सहा आकडी अनुक्रमांक सुरू होतो. म्हणजे 18 हा प्रकार आणि 3 म्हणजे 1973 चे मॉडेल. फोक्सवॅगनचे मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होत असल्याने ही गाडी ऑगस्ट 1972 ते जुलै 1973 या काळात तयार झाली, एवढे त्या एका ओळीवरून कळते. इल्टिसचे उत्पादन सुरू झाले 1978 मध्ये. आपल्या अहवालानुसार माझी गाडी तिच्या मॉडेलचा जन्म होण्याच्या पाच वर्षे आधी कारखान्यातून बाहेर पडली, आणि ही विसंगती अहवाल तपासणाऱ्या एकाही व्यक्तीला खटकली नाही, याचे मला अधिक आश्चर्य वाटते.

आकड्यांचे सोडून देऊ. मी पाठवलेल्या छायाचित्रांत गाडीचे मागचे झाकण उघडे आहे आणि आत बीटलचेच हवेने थंड होणारे, 1,584 सीसीचे इंजिन स्पष्ट दिसते आहे. इल्टिसचे इंजिन पुढे असते आणि ते पाण्याने थंड होते. या दोन गाड्यांत गल्लत करण्यासाठी एकही छायाचित्र उघडून न पाहणे आवश्यक आहे.

या चुकीची किंमत मला चारचौघांत मोजावी लागली. आपल्या प्रमाणपत्राच्या भरवशावर मी जुन्या वाहनांच्या एका प्रदर्शनात ही गाडी ‘लष्करी, चारही चाकांना ड्राइव्ह’ या गटात दाखल केली. परीक्षक सतरंजी अंथरून गाडीखाली सरकले, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग आतूनच त्यांनी विचारले, “पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कुठे आहे?” पुढे शाफ्ट नव्हता, दोन चाकांत शक्ती वाटणारा डिफरन्शियलही नव्हता, स्प्रिंगचे काम करणाऱ्या टॉर्शन बारच्या दोन आडव्या नळ्या तेवढ्या होत्या, कारण टाइप 181 ही पहिल्यापासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. कपड्यांवरची धूळ झटकत त्यांनी अर्जावरील गट खोडला आणि प्रमाणपत्र शांतपणे माझ्या हातात परत दिले.

दुसरी चूक माझ्या दृष्टीने याहून गंभीर आहे. ही गाडी पश्चिम जर्मन लष्कराच्या, म्हणजे बुंडेसवेरच्या सेवेत होती असे आपण ठामपणे लिहिले आहे आणि त्यासाठी दोन आधार दिले आहेत: गाडीचा हिरवा रंग आणि मागच्या चाकांजवळचे रिडक्शन गिअर, म्हणजे वेग कमी करून चाकांचा जोर वाढवणारे गिअर. त्यांपैकी रिडक्शन गिअर माझ्या गाडीत नाहीतच. सुरुवातीच्या टाइप 181 गाड्यांना ते होते, पण पुढे मागच्या अॅक्सलची रचना बदलली आणि माझ्या गाडीला दोन्ही टोकांना सांधे असलेले शाफ्ट आहेत. शिवाय ते असते तरी काही सिद्ध झाले नसते, कारण लष्कराबाहेर विकलेल्या सुरुवातीच्या गाड्यांनाही तेच गिअर होते.

रंगाविषयी सांगायचे तर हिरवा रंग कोणीही कोणत्याही गाडीला देऊ शकतो. माझ्या गाडीवरचा हिरवा रंग स्क्रूच्या खाचांत साचलेला आहे आणि दारांच्या रबरी पट्ट्यांवरही त्याचे फटकारे आहेत. कारखान्यात रंगवलेल्या गाडीवर असे दिसत नाही. डॅशबोर्डच्या मागे, जिथे नंतर रंगवणाऱ्याचा हात पोहोचला नव्हता, तिथे मी चिंधीने धूळ पुसली तेव्हा भोपळ्यासारखा नारिंगी रंग निघाला. हा रंग 1973 व 1974 मध्ये अमेरिकेत ‘थिंग’ या नावाने विकल्या गेलेल्या टाइप 181 गाड्यांना मिळत असे. माझी गाडी तिथेच विकली गेली होती असे मी म्हणत नाही, कारण एका रंगावरून मी तसे म्हटले तर मीही आपल्यासारखाच अहवाल लिहीन. परंतु लष्करी सेवेची जी खूण असायला हवी, म्हणजे शत्रूच्या नजरेस पडू नयेत अशा मंद, ब्लॅकआउट दिव्यांचा स्विच, रायफल अडकवण्याच्या चौकटीची भोके, लष्करी पुरवठा क्रमांकाची पट्टी, यांपैकी एकही गोष्ट गाडीत नाही, आणि त्या नाहीत याचा उल्लेख अहवालात कुठेही नाही.

गाडी कोणत्या तुकडीकडे होती आणि सेवेतून कधी बाद झाली हेही आपण लिहिले आहे. बुंडेसवेरच्या गाड्यांना ‘वाय’ अक्षराने सुरू होणारे नोंदणी क्रमांक असतात. माझ्या गाडीचा तसा क्रमांक अहवालात नाही आणि बाद झाल्याचा कोणताही कागद जोडलेला नाही. मग तुकडीचे नाव आले कुठून, हा माझा सरळ प्रश्न आहे. जुन्या फोक्सवॅगन गाड्यांची उत्पादनाची तारीख, मूळ रंग व मूळ सामग्री यांचा दाखला कारखान्याच्या नोंदींवरून मिळतो आणि वोल्फ्सबुर्गच्या ऑटोम्युझियममार्फत असे दाखले दिले गेले आहेत. चार महिन्यांत तेवढा एक अर्ज केला असता तरी अहवालातली निम्मी पाने लिहावी लागली नसती.

उरलेल्या पानांबद्दल थोडक्यात लिहितो. सहा पाने दुसऱ्या महायुद्धातल्या टाइप 82 क्यूबलवागन या जर्मन लष्करी गाडीच्या इतिहासाने भरली आहेत. तिचे इंजिन आधी 985 सीसीचे व 1943 पासून 1,131 सीसीचे होते, हे बरोबर आहे, पण ती माहिती मी मागितली नव्हती. त्यातही आठव्या पानावर टाइप 82 म्हणून छापलेल्या छायाचित्रातील गाडीच्या मागे पाण्यात चालवण्याचा पंखा आहे. ती श्विमवागन, म्हणजे पाण्यातही चालणारी वेगळीच गाडी आहे.

या सर्व बाबी मी आपल्या ग्राहक सेवा विभागास आधी कळवल्या होत्या. त्यावर ‘अहवाल तज्ज्ञांनी तपासलेला असल्याने फेरविचार होणार नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. म्हणून आता हे रीतसर पत्र लिहीत आहे.

माझी मागणी अशी आहे की, आपण सदर अहवाल व प्रमाणपत्र लेखी स्वरूपात मागे घ्यावे, भरलेले शुल्क पूर्णपणे परत करावे आणि लष्करी तुकडीच्या नावाचा आधार असलेला कागद आपल्याकडे असल्यास त्याची प्रत मला पाठवावी. तो नसल्यास तसे स्पष्ट लिहून द्यावे. ही गाडी उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती गेली, तर आपल्या शिक्क्याचा कागदही तिच्यासोबत जाईल, म्हणून नुसता परतावा मला पुरेसा वाटत नाही. आपल्या नोंदवहीत या चासी क्रमांकापुढे ‘टाइप 181, मॉडेल वर्ष 1973, लष्करी सेवेचा पुरावा नाही’ अशी दुरुस्ती करून तिची प्रत पाठवावी.

चासी क्रमांकाचे, डॅशबोर्डमागील मूळ रंगाचे आणि मागच्या अॅक्सलचे ताजे फोटो सोबत जोडले आहेत. पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागेन.

आपला,
एक ग्राहक

सोबत: छायाचित्रे, अहवालाची प्रत, मूळ प्रमाणपत्र व शुल्क भरल्याची पावती