खरा गुन्हेगार सापडेपर्यंत आरोपीने थांबायचे का?

संपादक महोदय,

कोर्टातल्या थरारकथांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. निरपराध अशिलासाठी एकटा झुंजणारा वकील माझाही लाडका नायक आहे. पण या कथांच्या शेवटाबद्दल लेखात अवाक्षर नाही आणि माझी तक्रार नेमकी त्याबद्दल आहे.

बहुतेक कथांत वकील शेवटच्या सुनावणीला खऱ्या खुन्याला पिंजऱ्यात गाठतो, उलटतपासणीत तो खचून सगळे ओकतो आणि मगच आरोपी सुटतो. वाचताना अंगावर काटा येतो, कबूल. पण असे शेवट वाचून वाचून मनात ठसते की दुसरा गुन्हेगार हजर केल्याशिवाय अशील निर्दोष ठरत नाही. कायदा असे म्हणत नाही. गुन्हा शाबीत करणे हे सरकारी पक्षाचे काम, आरोपीचे नव्हे, हे इंग्लंडमध्ये तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३५ सालीच वुल्मिंग्टन खटल्यात ठणकावून सांगितले आहे.

१९८६ सालचे इंग्लंडच्या लेस्टरशायरमधले प्रकरण पाहा. दोन मुलींचे खून झाले होते आणि सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यांतला एक खून केल्याचे पोलिसांपुढे कबूलही केले होते. अ‍ॅलेक जेफ्रीज या जनुकशास्त्रज्ञाच्या डीएनए चाचणीतून निघाले की दोन्ही खून एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा मुलगा नाही. मुलगा सुटला तेव्हा खरा खुनी मोकाटच होता. तो पुढच्या वर्षी पकडला गेला. मधल्या महिन्यांत त्या मुलाकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील? अशा सुटकेनंतरच्या दिवसांवर कादंबरी का लिहिली जात नाही?

आणि साक्षीदार! कथेतला खोटा साक्षीदार लबाडच असतो, त्यामुळे त्याला उघडा पाडणे सोपे. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्यांच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत साक्षीदाराने भलत्याच माणसाला ओळखले होते, आणि अशा चुका बहुधा प्रामाणिकपणे होतात. शपथेवर मनापासून बोलणाऱ्या, कदाचित स्वतःच बळी ठरलेल्या बाईला वकिलाने काय विचारायचे? उजेड किती होता, चेहरा किती वेळ दिसला, ओळख परेडीआधी आरोपीचा फोटो दाखवला होता का, बोट दाखवल्यावर ‘बरोबर ओळखलंत’ असे कोणी म्हणाले का. आवाज चढवला तर न्यायाधीशांची सहानुभूती जाते, गप्प राहिले तर अशील जातो. मला तरी यापेक्षा मोठा थरार सुचत नाही.

आपल्याला विनंती अशी, की फौजदारी खटले चालवणाऱ्या एखाद्या वकिलाकडून अशा उलटतपासणीवर पुरवणीसाठी लिहून घ्यावे. थरारकथा लिहिणाऱ्यांनाही त्यातून कथानके मिळतील.

आपला,
एक नियमित वाचक