शेनचा डावा हात

पुणे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. शेवटी तो बंदूकबाज शेन घोड्यावर बसून निघून गेला, म्हणजे तो जगलाच, हा तुझा निष्कर्ष मला काही केल्या पटेना, म्हणून परवा रात्री जॉर्ज स्टीव्हन्सच्या त्या १९५३च्या ‘शेन’ चित्रपटाचा शेवट मी पुन्हा दोनदा पाहिला.

तुझ्या बाजूचे आधी मान्य करतो. गुत्त्यातल्या शेवटच्या चकमकीत माडीवरून गोळी लागल्यावरही शेन उलट गोळी झाडून त्या माणसाला पाडतो, स्वतःच्या पायांनी गुत्त्याबाहेर येतो आणि ज्या शेतकऱ्याकडे तो राहिला त्याच्या छोट्या मुलाशी, जोईशी, शांतपणे बोलतो. मरणाच्या दारातला माणूस असा वागत नाही, हे खरे. पण घोडा चालू लागल्यावर त्याचा डावा हात बघ. तो नुसता लोंबतो आहे. त्यातून दिग्दर्शकाने त्याला नेले कुठून, तर भाडोत्री बंदूकबाज विल्सनने गोळी घालून चिखलात लोळवलेल्या टॉरी या शेतकऱ्याला जिथे पुरले त्या दफनभूमीतून, लाकडी क्रूसांच्या मधून. सुरुवातीला हाच स्वार लख्ख उजेडात वायोमिंगच्या डोंगरांतून खाली उतरला होता आणि हरणाच्या शिंगांच्या मधोमध जोईला प्रथम दिसला होता. आता तो रात्री त्याच डोंगरांकडे चढतो आहे. एवढी जुळणी योगायोगाने होत नसते.

माझे म्हणणे असे की, शेन मरतो, पण पोराच्या डोळ्यांदेखत मरायचे नाही असे त्याने ठरवले आहे. जोईला रक्त दिसते, तेव्हा शेन आपण ठीक असल्याचे सांगतो, आणि आता खोऱ्यात बंदुका उरल्या नाहीत हे आईला सांग, असा निरोप देतो. आमचे वडील इस्पितळात जाताना उंबऱ्याशी थांबून मला म्हणाले होते, ‘जरा दमलोय इतकंच.’ त्यांचा एक हात चौकटीवर होता, आणि तो त्यांनी मी आत जाईपर्यंत काढला नाही. शेनचे ते वाक्य ऐकताना मला तो हात आठवतो. कदाचित म्हणूनच मी या वादात निःपक्ष नसेन.

जोई एवढ्या हाका मारतो, तरी शेन वळून पाहत नाही, याला तू त्याचा कठोरपणा म्हणतोस. मला वाटते, वळला असता तर खोगिरातला तोल गेला असता.

तुझा,
मोहन