ज्येष्ठांची फ्लूची लस : गुण मोजायचा कसा?

संपादक महोदय,

पाऊस लागला की ‘लस टोचूनही आजोबांना फ्लू झालाच, मग उपयोग काय?’ हे धुळे-जळगावकडे ऐकू येतं. उलट कुणी सांगतं, लस घेणाऱ्यांत मृत्यू निम्मे. दोन्ही हिशेब कच्चे. रावेरहून जळगावला येऊन लस घेणारा म्हातारा अंथरुणाला खिळलेल्यापेक्षा मुळातच धडधाकट असतो. अमेरिकेतल्या एका पाहणीत तर लस घेतलेल्यांतले कमी मृत्यू साथ सुरू होण्याआधीच दिसले. ते श्रेय लसीचं कसं?

म्हणून तुलना दवाखान्यात आलेल्यांमध्येच करावी. ताप-खोकल्याच्या प्रत्येक ज्येष्ठाचा स्वॅब घेऊन आरटी-पीसीआर करायची. समजा, फ्लू निघालेल्या 100 जणांत 20 लस घेतलेले, म्हणजे 20 ला 80, पाव. न निघालेल्या 150 जणांत 50, म्हणजे 50 ला 100, अर्धं. पाव भागिले अर्धं म्हणजे अर्धं. ते एकातून वजा केलं की लसीचा गुण 50 टक्के. मात्र वय, मधुमेह-दम्यासारखे आजार आणि आजारपणाचा आठवडा जुळवूनच हा आकडा मांडावा.

घोळ होतो तो स्वॅबमध्ये. घरगुती काढे संपवून दहाव्या दिवशी आलेल्याच्या नाकात विषाणू सापडत नाही. खरा फ्लूचा रुग्ण ‘फ्लू नाही’ या गटात पडतो आणि लस आहे त्यापेक्षा कमकुवत दिसते. सात दिवसांच्या आतलेच नमुने धरावेत. शिवाय म्हाताऱ्यांना फ्लूत ताप येतोच असं नाही. नुसती धाप, गळाठा किंवा भ्रम एवढंच असतं, आणि तापाची अट घातली तर नेमके तेच सुटतात. टोचल्यापासून 14 दिवसांच्या आत आजारी पडलेल्यांना हिशेबातून वगळावं, कारण तोवर लसीचा असर पुरता आलेला नसतो.

‘सुई घेतली होती’ या तोंडी उत्तरावर तर विसंबूच नये. ती न्यूमोनियाची होती की धनुर्वाताची, घरच्यांनाही आठवत नाही. आपल्याकडे ज्येष्ठांत ही लस घेणारे मुळात थोडे, त्यात दहा-वीस नोंदी चुकल्या तरी सगळा आकडा फिरतो.

लस 2 ते 8 अंशांतच राहावी लागते. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात औषधाच्या दुकानातून पिशवीत घालून नेलेली, किंवा बर्फाला चिकटून गोठलेली लस निकामी ठरली, तर तो दोष लसीचा धरायचा का? त्यामुळे खासगी दवाखान्यांनीही लसीचं नाव, तारीख, बॅच क्रमांक आणि लस कुठून आणली हे कार्डावर लिहून द्यावं. या नोंदी नसतील तर खान्देशात असा अभ्यास सुरूच करता येणार नाही.

– साथरोगांचे अभ्यासक, धुळे