बंधारा, पुळण आणि किल्ला

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

ग्रामसभेत धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या दगडी भिंतीचा, विषय येतोय आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची डागडुजी गावानेच करावी असंही चाललंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

किल्ल्याचं काम 1664 साली कुरटे बेटावर सुरू झालं. भोवती पाण्याखाली खडक असल्याने मोठं गलबत तटाला भिडू शकत नसे. आज त्याच खडकांवर प्रवाळ आहे. 1987 साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात म्हणूनच किल्ला आणि समुद्र एकत्र आले. 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांत तो आहेच, पण यादी लाटा अडवत नाही. लाटांचा जोर खडक मोडतात. खाडीतला गाळ कांदळवन धरून ठेवतं, नाहीतर तो प्रवाळावर बसून त्याला गुदमरवतो.

बंधारा मला पटत नाही. उतरत्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, लाट पसरते आणि दमते. उभ्या दगडावर आपटली की परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते. पायथा उघडा पडला की दगड सरकतात आणि बंधारा संपतो तिथून शेजारच्याची जमीन तुटू लागते. मग त्यालाही बंधारा हवा! त्यापेक्षा वाळूउपसा थांबवा, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उपटू देऊ नका. आई, सुरूची रोपं भरतीरेषेजवळ लावायला निघाले तर तू अडव, कासवांना अंडी घालायला मोकळी वाळू लागते. सभेत किनारा व्यवस्थापनाचा 1:4000 चा नकाशा मागा. भरतीरेषा त्यावर दाखवलेली असते.

बाबा, पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लेखी परवानगीशिवाय तटाला हात लावता येत नाही. हौसेने सिमेंट भरणाऱ्यांमुळे हा नियम मला तरी योग्यच वाटतो. जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडात खारं पाणी मुरतं. चुन्याच्या सांध्यातून ते बाहेर पडून सुकतं. सांधा सिमेंटचा असेल तर ओल दगडातूनच बाहेर येते, आत मिठाचे खडे धरतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा तेवढा शाबूत राहतो, दगड जातो. चुन्यात समुद्राची वाळूही चालत नाही, तिच्यातलं मीठ तेच करतं.

तटात पिंपळाचं रोप दिसलं तर ओढू नका. मूळ सांध्यात गेलेलं असतं, चुना-दगड घेऊनच बाहेर येईल. फोटो काढून खात्याला कळवा.

तुमची लेक