गल्लीत गाड्या ताशी ३० किमीच्या वर नकोत! सह्या, थोडा वेळ आणि घरटी ५० रुपये हवेत

नमस्कार मंडळी, कोथरूडमधल्या आपल्या गल्लीत राहणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा.

कर्वे रोडला जॅम लागला की मॅप आपली गल्ली दाखवतो आणि मग संध्याकाळी सहा ते नऊ जे काय चालतं ते सांगायला नको. पोरं सायकल काढत नाहीत, आजोबा लोक फिरायला आता गच्चीवर जातात. मागच्या वर्षी कुणीतरी वैतागून बांधकामाचं उरलेलं काँक्रीट रात्रीत टाकून स्पीडब्रेकर केला, त्याच्यावरून आपल्याच एक काकू स्कूटीवरून पडल्या, मनगट मोडलं. तर कृपया परत तसं कुणी करू नका. ते बेकायदेशीर आहेच पण मुळात तो हंप नव्हता, बांध होता बांध! इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) मापाने हंप ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच असतो, त्यावरून २५ च्या स्पीडने गाडी आरामात जाते, कंबर मोडत नाही.

आपली मागणी एकच आहे, गल्लीत ३० ची लिमिट. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला ७० आणि दुचाकीला ६० पर्यंत कमाल वेग दिलाय, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ मध्ये ठराविक रस्त्यावर त्याहून कमी लिमिट लावायची सोय आहे. म्हणजे आपण काही जगावेगळं मागत नाहीये. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात १९९२ पासून आतल्या रस्त्यांना ३० आणि मोठ्या रस्त्यांना ५० असंच चालू आहे. आपणही कर्वे रोड, पौड रोडला हात लावत नाही, फक्त घरांसमोरचा रस्ता मागतोय.

"३० म्हणजे बैलगाडी का" असं एक काका मीटिंगमध्ये म्हणाले, त्यांच्यासाठी हिशोब. आपली गल्ली साधारण ४०० मीटर, ५० ने गेलात तर २९ सेकंद, ३० ने गेलात तर ४८, म्हणजे १९ सेकंदांसाठी हे सगळं. आणि पोरगं बॉलमागे अचानक आलं तर ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच, तेवढ्यात ५० ची गाडी जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते, आणि ३० वाली तो एक सेकंद धरूनही कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये ब्रेक लागून पूर्ण उभी! म्हणजे ५० वाल्याचा ब्रेक जिथे लागायला सुरुवात होते, त्याच्या अलीकडेच ३० वाला थांबलाय. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती, हे सरकारी आकडे आहेत.

नुसतं "गाड्या जोरात जातात हो" म्हणून अर्ज दिला की तो फायलीत झोपतो, त्यामुळे आपल्याला मोजून दाखवायचंय. सोपं आहे, टेपने ५० मीटर मोजून दोन्ही टोकांना चुन्याने खूण करायची आणि मोबाईलचं स्टॉपवॉच लावायचं, गाडीने ६ सेकंदांच्या आत अंतर कापलं की ती ३० च्या वर. यासाठी पुढच्या आठवड्यात रोज सहा ते नऊ दोघं-दोघं जण लागतील, कॉलेजवाल्या मुलांनो तुम्ही या, चहा-वडापाव आमच्याकडून. फक्त फुटपाथवरूनच मोजायचं आणि कुणाशी हुज्जत घालायची नाही, प्लीज.

घरटी ५० रुपये काढतोय, झेरॉक्स, टेप, चुना आणि अर्जाच्या फायली एवढाच खर्च आहे, हिशोब जिन्यातल्या बोर्डवर लागेल, उरले तर परत. बोर्ड किंवा हंप आपण आपल्या पैशाने लावणार नाही, ते महापालिकेच्या पथ विभागाचं काम, आणि लिमिटसाठी वाहतूक शाखेकडे अर्ज करायचाय. प्रभागाच्या बजेटसाठी नागरिकांच्या सूचना मागवतात तेव्हा तिथेही हंपचं काम टाकू.

सह्यांचे कागद प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवलेत, भाडेकरूंनीही सही करायची, "आम्ही काय ११ महिन्यांचे" असं म्हणू नका, गाडी काही ॲग्रीमेंट बघून धडकत नाही. ज्यांना मोजायला यायचंय त्यांनी त्याच कागदाच्या मागे नाव आणि वार लिहा. रविवारी संध्याकाळी पाच वाजता पारावर भेटू, आणि येताना गाडी घरीच ठेवा, चालत या.