लेझरचा धूर इमारतीच्या डक्टमध्ये नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मखरांचा हंगाम जवळ आला की घरगुती लेझर यंत्रांना उसंत नसते. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यानंतर एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) जाळीदार मखरे लोकप्रिय झाली. ती कापणारी यंत्रे आता औद्योगिक गाळ्यांपुरती राहिलेली नाहीत, फ्लॅटच्या बाल्कनीतही चालतात. मग वरच्या मजल्यावरून जळक्या वासाची तक्रार येते आणि यंत्रवाल्याचे उत्तर ठरलेले असते, “एक्झॉस्ट लावलाय की!” पण त्या एक्झॉस्टचे तोंड बऱ्याचदा इमारतीच्या डक्टमध्ये उघडते, म्हणजे सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या असतात त्या बोळकांडीत. तिथे वारा नसतो. कोमट धूर हळूहळू वर चढतो आणि वरच्या घरात स्वयंपाकाची चिमणी सुरू असेल तर बाथरूमच्या काचपट्ट्यांतून आत ओढला जातो. वास बाहेर गेला असे खालच्याला वाटते, तो गेलेला असतो शेजाऱ्याकडे.

हा प्रश्न नुसत्या वासाचा नाही. लाकडाचे तंतू युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या चिकाने दाबून एमडीएफ बनते. ते जळताना फॉर्माल्डिहाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि बहुतांशी एका मायक्रॉनहून बारीक कण निघतात. शीटवर ‘ई-वन’ छापलेले असले तरी तो दर्जा पडून असलेल्या शीटमधून किती वायू सुटतो याचा आहे, धुराशी त्याचा संबंध नाही. ॲक्रिलिकचा उग्र वास मिथाइल मेथाक्रिलेटच्या वाफेचा. ही वाफ ज्वलनशील असते, म्हणून हवेची ओढ कमी पडली की कापावरच ज्योत धरते.

सनबोर्ड, व्हिनाइल स्टिकर आणि पीव्हीसीचे रेक्झिन यांवर लेझर चालवूच नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. घसा तर जळतोच, शिवाय यंत्राचे रूळ आणि बेअरिंग काही दिवसांत गंजतात. पंखा कितीही मोठा लावला तरी यावर उपाय नाही. शीट कशाची आहे याची शंका असेल तर तांब्याची तार गॅसच्या ज्योतीत लाल करा, तिने शीटला स्पर्श करा आणि ती पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. (ही चाचणी उघड्यावर करावी, तोही धूर चांगला नसतो.) हिरवी झाली नाही म्हणून लगेच कापायला घेऊ नये. एबीएस या प्लास्टिकमध्ये क्लोरीन नसते, पण त्यातून हायड्रोजन सायनाइड निघू शकतो.

आता पंख्याविषयी. यंत्राला बंद पेटी हवी आणि तिच्या फटींतून हवा सेकंदाला निदान अर्धा मीटर वेगाने आत जायला हवी. पेटीला ६० सेंमी लांब आणि ३ सेंमी उंच फट असेल तर हिशोबाने ताशी जेमतेम ३३ घनमीटर हवा पुरते. मग धूर बाहेर का येतो? कारण यंत्राबरोबर मिळणारा संगणकी पद्धतीचा पंखा मोकळ्या हवेत भरपूर हवा फेकतो, पण तीन मीटर लवचिक नळी आणि दोन वळणे जोडली की त्याचा दम संपतो. चार इंची इनलाइन मिक्स्ड-फ्लो पंखा (नळीच्या रेषेतच बसणारा, अडथळ्यापुढेही हवा ढकलणारा) घ्यावा. खोक्यावर ताशी २०० घनमीटर लिहिलेला पंखा नळीसह निम्मी हवा ओढेल असे धरले तरी गरजेच्या तिप्पट होते.

हा पंखा यंत्राजवळ बसवू नये, खिडकीजवळच्या टोकाला बसवावा. नळीत भोक पडले किंवा सांधा सैल झाला तर खोलीतली हवा आत ओढली जाते, धूर बाहेर येत नाही. पंखा यंत्राशी ठेवला तर याच्या बरोबर उलट होते. ॲल्युमिनियमची नळी ताणून बसवावी, सुरकुत्या राहिल्या की ओढ घटते. काम सुरू करण्याआधी उदबत्ती पेटवून सगळ्या फटींसमोरून फिरवावी. एखाद्या ठिकाणी धूर आत न जाता रेंगाळला तर ती फट बुजवावी. कापून झाल्यावर दोन-तीन मिनिटे झाकण उघडू नये. दहा बाय बाराच्या खोलीत धूर एकदा सांडला की त्याच पंख्याला तो ९५ टक्के काढायला सुमारे तास लागतो.

बाहेर टाकलेल्या हवेइतकी हवा घरात कुठून तरी यावी लागते. समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी. सगळे बंद असेल तर पंखा बाथरूममधून हवा ओढतो आणि तिथे गॅस गिझर चालू असेल तर त्याचा कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. या धोक्याचा विचार फारच थोडे लोक करतात.

फिल्टरवर विसंबणाऱ्यांनी क्रम पाळावा: आधी जाड जाळीचा, मग हेपा (अतिबारीक कण अडवणारा), शेवटी कोळसा. हेपा वायू अडवत नाही. साधा सक्रिय कोळसा फॉर्माल्डिहाइड नीट धरत नाही, त्यासाठी पोटॅशियम परमँगनेट चढवलेले माध्यम लागते, तेही किलोंनी. स्पंजवर भुरभुरलेल्या काळ्या पुडीचा काही उपयोग नाही, आणि पावसाळी दमट हवेत कोळशाची क्षमता आणखी घटते. बादलीतल्या पाण्यातून धूर सोडण्याची युक्तीही फोल आहे. बुडबुड्याच्या मधले कण पाण्याला शिवतच नाहीत, पंख्यावर मात्र ताण येतो.

नळीचे तोंड इमारतीच्या बाहेरच्या बाजूला, पावसासाठी खाली वळवलेले असावे. कबुतरांसाठी सेंटिमीटरभर भोकांची जाळी पुरते, मच्छरदाणीची जाळी धुरातल्या चिकट डांबराने लगेच बुजते. नैर्ऋत्येचा वारा धूर परत ढकलतो, म्हणून एकदिशा झडप हवी. एमडीएफचे काम रोज असेल तर झडप आणि पंख्याची पाती महिन्याला वीज बंद करून पुसावीत. साचलेले डांबर पेट घेते.

मधल्या मजल्यावर, डोक्यावरच शेजाऱ्याची खिडकी असताना, एमडीएफ कापणे आमच्या मते बंदच करावे. त्यासाठी गाळा किंवा गच्चीवरची खोली हवी. लाकडावर अधूनमधून नाव कोरण्याला मात्र हरकत नसावी. सोसायट्यांनी सरसकट बंदीची नोटीस लावण्यापेक्षा नळीचे तोंड कुठे आहे आणि कापले काय जाते हे विचारावे. विक्रेत्यांनीही ‘पॉवरफुल एक्झॉस्ट’ म्हणण्याऐवजी पंखा १०० पास्कल दाबाला (म्हणजे नळीचा अडथळा असताना) ताशी किती घनमीटर हवा ओढतो ते खोक्यावर छापावे.

आपले,
लेझर कटिंगचे काम करणारे काही वाचक, नाशिक